‘विमा बंद झाला, पैसे वाया घालू नका’ म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

नागपूर जिल्ह्यातल्या आमच्या काटोल-नरखेड साइडच्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरून राहिला आहे. त्यात म्हटलंय की एक रुपयाचा विमा गेला म्हणजे पीक विमाच बंद झाला, आता भरलेला पैसा कंपनीच्या घशात जातो, नुकसान झालं तर सरकार मदत देतंच, संत्र्याचा पंचनामा होत नाही म्हणून त्याचा विमा फसवा, आणि ढोरांचा विमा फक्त मोठ्या डेअरीवाल्यांचा. परवा माझ्या काकांनीही हा मेसेज मला पाठवला आणि खाली लिहिलं, "यंदा काही काढत नाही." म्हणून बसून लिहितोय, कारण यातलं थोडं खरं आहे आणि बरंच चुकीचं.

पहिली गोष्ट, प्रधानमंत्री पीक विमा योजना बंद झालेली नाही. खरीप 2023 पासून राज्य सरकार शेतकऱ्याचा हिस्सा भरत होतं आणि आपण एक रुपया द्यायचो, ते खरीप 2025 पासून थांबलं, बोगस अर्ज फार झाले हे त्याचं एक मोठं कारण. आता परत 2016 सारखं, म्हणजे खरिपाच्या धान, सोयाबीन, तूर अशा पिकांना संरक्षित रकमेच्या जास्तीत जास्त 2 टक्के, रब्बीच्या हरभरा-गव्हाला दीड टक्का, आणि कापूस-संत्र्यासारख्या नगदी पिकाला 5 टक्के. हेक्टरी 50 हजारांचं संरक्षण धरलं तर सोयाबीनला 1000 रुपये, पराटीला (कापसाला) 2500 पर्यंत. महाग वाटेल, मान्य. पण बंद झाला म्हणणं खोटं.

आता "भरूनही मिळत नाही" यावर थोडं थांबून बोलतो, कारण राग इथेच आहे आणि तो उगाच नाही. खरीप 2025 पासून राज्यात भरपाई पीक कापणी प्रयोगातून, म्हणजे निवडलेल्या वावरांतलं पीक कापून-मोजून आलेल्या उत्पन्नावर ठरते. आधी माझ्या एकट्याच्या वावरात पाणी साचलं, गारा पडल्या की 72 तासांत कळवून वेगळा क्लेम करता यायचा, पेरणीच झाली नाही किंवा काढणीनंतर कडपा (कापून वावरात ठेवलेलं पीक) भिजल्या तरी मिळायचं, ते सगळं काढून टाकलं. माझ्या मते हे शेतकऱ्याच्या अंगावर टाकलेलं ओझं आहे आणि त्याबद्दल आमदार-खासदारांना विचारलंच पाहिजे.
पण हिशोब समजून घ्या. गेल्या 7 वर्षांतली चांगली 5 वर्षं घेतात, त्यांची सरासरी काढतात आणि तिच्या 70 टक्के म्हणजे उंबरठा उत्पन्न. हा हिशोब एकेका वावराचा नाही, महसूल मंडळाचा, म्हणजे काही गावांच्या गटाचा असतो. समजा मंडळाची सरासरी हेक्टरी 1000 किलो, तर उंबरठा 700. यंदा मंडळाचं उत्पन्न 350 आलं तर निम्मी तूट, म्हणून संरक्षित रकमेच्या निम्मे पैसे मिळतात, आणि 720 आलं तर एक दमडी नाही, मग तुमचं स्वतःचं वावर पूर्ण गेलेलं का असेना. म्हणून शेजाऱ्याला मिळालं आणि मला नाही असं एकाच मंडळात, एकाच पिकात सहसा होत नाही, ते दोन मंडळांच्या सीमेवर होतं. कापणी प्रयोग होतो तेव्हा गावातल्या चार जणांनी तिथे उभं राहायला पाहिजे, भरपाई तिथेच ठरते.

रोही (नीलगाय) आणि रानडुकरांचा त्रास रामटेक, पारशिवनी, उमरेडकडे किती आहे ते मी सांगायला नको. केंद्राने नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केलं की खरीप 2026 पासून जंगली जनावरांचं नुकसान आणि धान पाण्याखाली जाणं हे विम्यात येईल, 72 तासांत ॲपवर फोटोसकट कळवायचं. पण कोणता जिल्हा, कोणतं पीक हे राज्याच्या जीआरमध्ये बघूनच भरवसा ठेवा.

"सरकार देतंच." हो देतं, पण किती? आपत्ती मदतीचा 2022 ते 2026 साठी ठरलेला दर कोरडवाहूला हेक्टरी 8500, बागायतीला 17000, फळबागेला 22500, तेही 33 टक्क्यांवर नुकसान असेल तर, आणि नेहमीची मर्यादा 2 हेक्टर. कधी सरकार वाढवून देतं, 2025 मध्ये 3 हेक्टरपर्यंत दिलं, पण दरवर्षी तसं होईल हे कोण लिहून देणार?

संत्र्याचं तर मेसेजने पूर्ण उलटं सांगितलंय. आपली फळपीक योजना हवामानावर आहे, मंडळातल्या हवामान केंद्राने नोंदवलेला पाऊस आणि तापमान ठरलेल्या आकड्यापलीकडे गेलं की भरपाई, तिथे पंचनाम्याची गरजच नाही. मृग आणि आंबिया हे संत्र्याचे दोन बहार (फळांचे हंगाम), त्यांचा विमा वेगळा, झाडं किमान 3 वर्षांची पाहिजेत. गारपिटीचं संरक्षण मात्र वेगळं आणि ऐच्छिक आहे, जास्तीचा हप्ता भरावा लागतो, आणि हे न कळल्यामुळेच लोक गारांनंतर डोक्याला हात लावून बसतात. फॉर्म भरताना तो रकाना विचाराच.

केसीसीवाल्यांसाठी (किसान क्रेडिट कार्डावर पीककर्ज घेणाऱ्यांसाठी) एक. 2020 पासून कर्जदारालाही विमा ऐच्छिक आहे, पण नको असेल तर मुदतीच्या 7 दिवस आधी बँकेत लेखी द्यावं लागतं, नाही दिलं तर हप्ता कापला जातो. आणि फार्मर आयडी (शेतकऱ्याचा ओळख क्रमांक), ई-पीक पाहणी (मोबाईलवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद) दोन्ही करून ठेवा, सातबाऱ्यावर सोयाबीन आणि अर्जात कापूस असेल तर अर्ज बाद होऊ शकतो.

राहिला ढोरांचा विमा. राष्ट्रीय पशुधन अभियानात फेब्रुवारी 2024 पासून शेतकऱ्याचा वाटा हप्त्याच्या फक्त 15 टक्के आहे, बाकी केंद्र-राज्य भरतं. समजा म्हैस 60 हजारांची आणि वर्षाचा दर 4 टक्के, तर हप्ता 2400, तुमचे 360 रुपये. दोन म्हशीवाल्यालाही मिळतो, शेळ्या-मेंढ्यांनाही. 2022 मध्ये लंपी या जनावरांच्या रोगाच्या वेळी राज्याने गाईला 30 हजार, बैलाला 25 हजार दिले, पण ते त्या एका रोगापुरतं होतं.

माझ्या मामेभावाची गाभण म्हैस मेली तेव्हा विमा होता, हप्ता भरला होता, पण कानातला बिल्ला तीन महिन्यांपूर्वी गोठ्याच्या तारेत अडकून पडला होता आणि कोणी नवा मारून घेतला नव्हता. क्लेम नाकारला. मामीने तो तुटलेला बिल्ला जपून ठेवला होता तरी उपयोग झाला नाही, कारण जनावराच्या कानात तो नव्हता. बिल्ला पडला की त्याच आठवड्यात पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन नवा मारा, नवा नंबर पॉलिसीवर चढवून घ्या, आणि जनावर मेलं तर पोस्टमॉर्टेम झाल्याशिवाय पुरू नका.

काकांना हे सगळं फोनवर सांगितलं. संत्र्याचा काढतो म्हणाले, गारांसकट, सोयाबीनचं अजून ठरत नाही.