मुंग्या आल्या नाहीत म्हणून गोळ्या बंद?

शुगरबद्दलचा तो लांबलचक मेसेज तुमच्याही घरच्या ग्रुपवर येऊन गेला असेल. म्हणणं असं की मधुमेह हा आजारच नाही, औषध कंपन्यांनी उभा केलेला धंदा आहे. पूर्वी उपाशीपोटी १४० पर्यंत नॉर्मल धरायचे, ते मुद्दाम १२६ वर आणलं. दवाखान्यातलं मशीन आणि लॅब कधी एक आकडा देत नाहीत. नळीभर रक्तात तीन महिन्यांची शुगर कळणं शक्यच नाही. खरी तपासणी म्हणजे लघवी अंगणात ठेवायची आणि मुंग्या येतात का बघायचं. आणि त्रास नसेल तर गोळी हवीच कशाला? बार्शीच्या आमच्या आत्याने हे वाचलं, प्रयोग केला, मुंग्या आल्या नाहीत, गोळ्या बंद. वर फोनवर मलाच ऐकवलं, ‘तुम्ही शिकलेली माणसंच लवकर फसता.’

म्हणून आधी मुंग्यांचंच बघू.

मूत्रपिंडात रक्त गाळलं जातं तेव्हा त्यातली साखरही गाळली जाते, पण जवळजवळ सगळी परत रक्तात ओढून घेतली जाते. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की हे ओढणं पुरं पडत नाही आणि उरलेली लघवीत उतरते. म्हणजे रोज उपाशीपोटी १५०-१६० असणारा, मधुमेह असलेला माणूस मुंग्यांच्या लेखी ठणठणीत. उतारवयात ही मर्यादा आणखी वर सरकू शकते, आणि आत्या सत्तरीत आहे. गरोदरपणात ती खाली येते, त्यामुळे मधुमेह नसलेल्या बाईच्या लघवीतही साखर सापडू शकते. याहून भारी प्रकार डॅपाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळीचा. २०२० मध्ये पेटंट संपल्यावर ही गोळी आपल्याकडे स्वस्त झाली आणि आता खूप जण घेतात. साखर लघवीवाटे बाहेर काढणं हेच तिचं काम. ती घेणाऱ्याची रक्तातली साखर अगदी आटोक्यात असली तरी लघवीत साखर भरपूर. थोडक्यात, नीट उपचार घेणारा आजारी आणि गोळ्या सोडलेला निरोगी, असा निकाल देणारी ही तपासणी.

‘पण हे आयुर्वेदात आहे!’ आहे ना. चरकसंहितेत प्रमेहाच्या (मधुमेह ज्यात मोडतो त्या विकाराच्या) पूर्वरूपांत, म्हणजे आधी दिसणाऱ्या लक्षणांत, मुंग्यांचा उल्लेख आहे. त्या काळी हाताशी होतं तेवढ्यावर केलेलं निरीक्षण म्हणून ते कौतुकाचंच आहे. पण तिथे मुंग्या येणं हे लक्षण सांगितलंय. न येणं म्हणजे बरं असणं, ही भर मेसेजवाल्याची.

आता १४० आणि १२६. हे मात्र खरं आहे, मान्य करावंच लागेल. १९९७ मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने मधुमेहाची मर्यादा १४० वरून १२६ वर आणली. का आणली, ते समितीच्या अहवालातच आहे. अमेरिकेतले पिमा आदिवासी, इजिप्तमधले लोक आणि अमेरिकेतलं मोठं राष्ट्रीय सर्वेक्षण, अशा तीन ठिकाणी रक्तातल्या साखरेचे आकडे आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी शेजारी शेजारी ठेवून पाहिली. पडद्याचं नुकसान कुठून झपाट्याने वाढतं ते त्यात दिसलं. शिवाय ग्लुकोज पाजून दोन तासांनी घेतलेला २०० चा आकडा आधीपासून होता. त्यावर जे मधुमेही ठरत, त्यातले बरेच उपाशीपोटी १४० च्या आत असायचे आणि सुटायचे. १२६ ने दोन्ही मापं जुळली. तो २०० चा आकडा मात्र तेव्हा हलला नाही. धंदाच करायचा तर तो का सोडला? त्याच संस्थेने २००३ मध्ये मधुमेहाच्या आधीच्या टप्प्याची मर्यादा ११० वरून १०० केली, आणि जागतिक आरोग्य संघटना ११० वरच थांबली. त्यावर कुरकुर करायची असेल तर जरूर करा, मीही करेन. पण आत्याचा आकडा त्या टप्प्याच्या केव्हाच पुढे गेलाय. आणि तिच्या बंद केलेल्या गोळ्या आहेत मेटफॉर्मिनच्या, म्हणजे १९५० च्या दशकातलं, किमतीवर सरकारी नियंत्रण असलेलं औषध.

मशीन आणि लॅबचा आकडा जुळत नाही, कारण जुळायला नकोच. ग्लुकोमीटरच्या, म्हणजे बोट टोचून साखर मोजणाऱ्या मशीनच्या, आंतरराष्ट्रीय मानकातच १०० च्या वर १५ टक्के इकडेतिकडे चालतं. जेवणानंतर बोटाच्या रक्तात शिरेतल्यापेक्षा साखर जास्त असते. आंबा खाऊन हात न धुता बोट टोचलं तर मशीन आंब्याचीही साखर मोजतं! उलट लॅबचं रक्त साध्या नळीत तसंच पडून राहिलं तर त्यातल्या पेशी तासाला ५ ते ७ टक्के साखर खातात, म्हणून करड्या टोपणाची वेगळी नळी असते. पट्ट्यांची डबी उघडी ठेवू नका, मुदत बघा. झालं.

तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीए१सी. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळात तिच्यातल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत जाते. चिकटलेली किती, ते मोजतात. यात जादू नाही. मात्र लोह कमी असेल तर आकडा खोटाच वाढू शकतो, आणि सिकलसेलसारख्या आजारात पेशी लवकर मरत असल्याने कमी दिसू शकतो. सिकलसेल जिथे बराच आढळतो त्या नंदुरबार-गडचिरोलीकडच्या डॉक्टरांना हे वेगळं सांगायला नको. अशा वेळी साधी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर बघतात.

राहिलं ‘त्रास नाही तर गोळी नाही’. डोळ्याचा पडदा आणि मूत्रपिंड बिघडायला लागतात तेव्हा दुखत नाही. म्हणून तर वर्षातून एकदा पडदा आणि लघवीतलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन तपासायला सांगतात. वजन उतरवून काहींच्या गोळ्या कमी होतात, सुटतातही, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आकडे बघत. आणि टाइप १, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही असा मधुमेह, असलेल्या मुलाचं इन्सुलिन कुणी हा मेसेज वाचून थांबवलं, तर काही दिवसांतच ते मूल आयसीयूत असेल किंवा दगावेल. एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये टाइप १ चं नावसुद्धा नाही.