‘उन्हाने कॅन्सर होत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

घरच्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज आला: ‘सूर्यप्रकाशाने कॅन्सर होतच नाही. शरीर सगळं आपोआप दुरुस्त करतं. आपले आजोबा जन्मभर उन्हात राबले, त्यांना काय झालं? कॅन्सर होतो तो सनस्क्रीनमुळे.’ माझ्या आत्याच्या नाकाच्या कडेला मसुराएवढी चकचकीत पुळी होती. दोन वर्षं हळद लावली, तुरटी लावली. खपली धरायची, पडायची, रक्त यायचं. बायॉप्सीत बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचाच एक कॅन्सर, निघाला. त्यामुळे हा मेसेज वाचून मला गप्प बसवत नाही.

‘उन्हाने कॅन्सर होतच नाही.’ होतो, आणि कसा होतो तेही कळलेलं आहे. उन्हातले अतिनील ‘बी’ किरण डीएनए थेट शोषून घेतो. डीएनएच्या एकाच धाग्यावर थायमिन किंवा सायटोसिन ही दोन ‘अक्षरं’ शेजारी असली की ती एकमेकांना चिकटतात. पुढे धाग्याची नक्कल होताना पेशी तिथे अडखळते आणि सायटोसिनच्या जागी थायमिन येऊन बसतं. कधी लगतची दोन्ही सायटोसिन एकदम बदलतात. ही जोडचूक म्हणजे अतिनील किरणांच्या अंगठ्याचा ठसाच. १९९१ साली संशोधक डग्लस ब्रॅश आणि सहकाऱ्यांना त्वचेच्या स्क्वॅमस सेल कॅन्सरमध्ये पी-५३ या जनुकावर तो उमटलेला सापडला. बिघडलेल्या पेशीला थांबवणं किंवा मरायला लावणं हे पी-५३चं काम. तेच बंद पडलं की ती पेशी वाढत सुटते.

‘शरीर आपोआप दुरुस्त करतं.’ हे अर्धं खरं आहे. पेशी चिकटलेला तुकडा कापून काढते आणि समोरच्या धाग्यावरून नवा भरते. ही यंत्रणा उलगडणारे अझीझ सँकार २०१५च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी. झेरोडर्मा पिग्मेंटोझम या आजारात ही दुरुस्ती जन्मतःच सदोष असते. त्या मुलांना शाळेच्या वयातच त्वचेचा कॅन्सर गाठतो. आपली दुरुस्ती चालते, पण काही चुका निसटतात आणि साठत जातात. २०१५च्याच एका अभ्यासात, निरोगी दिसणाऱ्या पापण्यांच्या त्वचेतल्या १८ ते ३२ टक्के पेशींमध्ये वाढीला बळ देणारे जनुकबदल आढळले. कॅन्सर नव्हता, पण त्या वाटेवरची पहिली पावलं पडलेली होती.

आजोबांचं म्हणाल, तर सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन बरेच किरण अडवतं. आपल्याकडे हा कॅन्सर गोऱ्या लोकांपेक्षा खूपच कमी होतो, हे मान्य. शिवाय आजोबांच्या डोक्याला मुंडासं असायचं आणि भर दुपारी ते झाडाखाली टेकायचे. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. आपल्यातच ज्यांना अल्बिनिझम आहे, त्यांच्या त्वचेत हे रंगद्रव्य जवळजवळ नसतं आणि त्यांचा धोका फार मोठा असतो. ‘काही होत नाही’ हा मेसेज त्यांच्याही घरी पोचतो, याचा मला खरंच राग येतो.

सनस्क्रीनचा आरोप तर प्रत्यक्ष तपासला गेला आहे. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावात १९९२पासून साडेचार वर्षं १,६२१ प्रौढांवर चाचणी झाली. रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात स्क्वॅमस सेल कॅन्सर सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले.

आत्याच्या नाकावरची टाक्यांची खूण आता शोधावी लागते. गेल्या महिन्यात गालावर तशीच चकचकीत पुळी दिसली, तेव्हा ती आठवडाभरात डॉक्टरकडे गेली.