'निर्माता म्हणजे चेक फाडणारा': एका फिरत्या संदेशाला उत्तर

गेल्या आठवड्यात माझ्या भाचीच्या होणाऱ्या सासरी एक संदेश पोहोचला आणि तिथून तो आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर आला. 'स्वतंत्र निर्माता' हा व्यवसाय नसून बेकारीला दिलेले गोंडस नाव आहे, असा त्याचा सूर. निर्माता फक्त पैसे लावतो, हे लोक सरकारी अनुदानावर जगतात, यांचे चित्रपट महोत्सवांतच फिरतात आणि बँक यांना दारात उभे करत नाही, असे चार मुद्दे त्यात आहेत. वाहिनीतली पगारी नोकरी सोडून निर्मितीत उतरलेल्या मुलीच्या लग्नाची तारीख धरण्याच्या बैठकीत हा मजकूर पुरावा म्हणून वाचला गेला, म्हणून हे उत्तर.

पहिला मुद्दा सर्वांत हास्यास्पद, आणि घातकही तोच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या दुसऱ्या कलमात निर्मात्याची व्याख्याच दिली आहे: कलाकृती घडवण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती म्हणजे निर्माता. तीत पैशाचा उल्लेखसुद्धा नाही. त्याच कलमानुसार चित्रपटाचा कर्ता निर्माता असतो, दिग्दर्शक नव्हे (हे अनेक दिग्दर्शकांना रुचत नाही, पण तो वाद निराळा). पैसे लावणाऱ्याला या धंद्यात फायनान्सर म्हणतात. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने चित्रित केली, ती भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून. स्वतःजवळ पैसा असता तर त्यांना वाटाणा पेरावा लागला नसता.

जबाबदारी म्हणजे काय, तेही सांगतो. भाचीच्या चित्रपटात चहाच्या टपरीवरचा एक प्रसंग आहे. चित्रीकरणाच्या वेळी मागे रेडिओ चालू राहिला आणि संवादांखाली एका जुन्या गाण्याची ओळ उमटली. संकलनात ती सगळ्यांनाच आवडली, पण हक्क घेतल्याशिवाय ती ओळ ठेवून चित्रपट विकता येणार नाही, हे तिच्याच लक्षात आले. ध्वनिमुद्रणाचे हक्क एकाकडे, शब्दांचे आणि चालीचे दुसऱ्याकडे, आणि मागितलेली एकूण रक्कम तिच्या संपूर्ण ध्वनिमिश्रणाच्या खर्चाहून अधिक. दिग्दर्शक तीन दिवस बोलत नव्हता. अखेर दोन्ही नटांच्या तारखा जुळवून तो प्रसंग पुन्हा डब झाला आणि टपरीवर आता फक्त स्टोव्हचा आवाज आहे. या सगळ्यात चेक फाडणे हा सर्वांत सोपा भाग होता.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. निर्माता होण्यासाठी परीक्षा नाही, परवाना नाही, आणि पैसे मोजून नामावलीत 'सहनिर्माता' झालेले बिल्डर मी स्वतः पाहिले आहेत. संदेश लिहिणाऱ्याची गाठ बहुधा अशांशीच पडली असावी.

अनुदानाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. राज्य सरकारचे अर्थसाहाय्य चित्रपट पूर्ण होऊन, सेन्सॉरचे प्रमाणपत्र मिळून आणि परीक्षण समितीने श्रेणी ठरवल्यानंतर मिळते. जे पैसे सर्वांत शेवटी येतात, त्यांच्यावर चित्रीकरणाच्या दिवशी युनिटचा नाश्ता निघत नाही.

महोत्सवांचे म्हणाल, तर 'कोर्ट' हा मराठी चित्रपट आठवावा. त्याचे निर्माते विवेक गोम्बर यांनी त्यात बचाव पक्षाच्या वकिलाची भूमिकाही केली. २०१४ मध्ये व्हेनिसला दोन पुरस्कार, मग सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ, जे दिग्दर्शकाबरोबर निर्मात्यालाही दिले जाते, आणि २०१५ मध्ये चित्रपटगृहांत प्रदर्शन. 'साबर बोंडं'नेही जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागात परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळवला आणि सप्टेंबरमध्ये तो चित्रपटगृहांत आला. मोठ्या जाहिरातीचे बळ नसलेल्या चित्रपटासाठी महोत्सव म्हणजे गिऱ्हाईक गाठण्याचा बाजार असतो.

राहिला बँकेचा मुद्दा, आणि तो अर्धा खरा आहे. केंद्र सरकारने १९९८ मध्ये चित्रपटसृष्टीला उद्योगाचा दर्जा दिला, तरी हाती तारण नसलेल्या नवख्या निर्मात्याला बँकेचे कर्ज मिळणे आजही मुश्कील आहे. मात्र यालाच बेकारी म्हणायचे असेल, तर भाचीच्या होणाऱ्या सासऱ्यांचे हार्डवेअरचे दुकान पहिली सहा वर्षे मित्रांच्या उसनवारीवर चालले होते, आणि ही हकिगत त्यांनीच साखरपुड्याच्या पंगतीत आम्हाला मोठ्या अभिमानाने ऐकवली होती.