पाऊस तारेच्या दोन्ही बाजूंना सारखाच पडतो: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

केनियातल्या लायकिपिया या भागात तारेची कुंपणं घालून मोठे प्राणी बाहेर ठेवले, तर उंदरांचं काय होतं, यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. एक, सवानात, म्हणजे विरळ झाडांच्या गवताळ रानात, उंदीर-चिचुंद्र्या किती आणि कोणत्या राहणार हे शेवटी पाऊसच ठरवतो. हत्ती, झेब्रे, गुरं यांना मी उगाच मध्ये आणलं. दुसरा, मोठे प्राणी हटवल्यावर 'उंदरांची विविधता वाढली' हे माझं वाक्यच चूक. दुसऱ्यापासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे.

वाढली ती संख्या. तीही मुख्यतः एकाच जातीची: गालातल्या पिशव्यांत बिया भरून बिळात नेणाऱ्या उंदराची. मोठे प्राणी रोखलेल्या जागी तो जवळजवळ दुप्पट झाला. एकच जात माजली तर बाकीच्या जातींचं काय झालं, हे स्वतंत्रपणे मोजावं लागतं. ते न सांगता मी 'विविधता' लिहून मोकळी झाले, याचं वाईट वाटतं.

पावसाचं मात्र मला तसंच्या तसं मान्य नाही. त्याचा वाटा मोठा आहे, यात वादच नाही. टांझानियात वर्षाअखेरचा पाऊस भरपूर झाला की मास्टोमिस उंदीर बेसुमार वाढतात आणि पेरलेला मका उकरून खातात. पण म्हणूनच लायकिपियातला प्रयोग मला इतका मोलाचा वाटतो. 1995 साली तिथे चार-चार हेक्टरचे 18 तुकडे आखले. कुठे सगळ्यांना मोकळीक, कुठे हत्ती-जिराफांना मज्जाव पण झेब्र्यांना वाट, कुठे फक्त गुरं, कुठे कुणीच नाही. वरून पडणारा पाऊस तोच. खाली तीच काळी माती, आपल्याकडच्या कापसाच्या जमिनीसारखी, ओली झाली की चिकटणारी आणि उन्हात भेगाळणारी. बाभूळही बहुतेक एकाच जातीची, फुगीर काट्यांत मुंग्यांना घर देणारी. तरी उंदरांचे आकडे वेगळे आले. हा फरक पावसाच्या नावावर कसा मांडणार?

गवत वाढून आडोसा झाला आणि शिकारी पक्ष्यांपासून उंदीर वाचले, असा माझाही आधी समज होता. तिथल्या उंदरांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ फेलिशिया कीसिंग यांच्या कामातून मात्र अन्नाचं पारडं जड दिसतं: मोठ्यांनी खायचं थांबवलं की ते लहानांच्या वाट्याला येतं. पुढे उंदरांमागून सापही वाढले, पिसवाही वाढल्या. आणि जी बाभळीची रोपं हत्ती-हरणांपासून वाचली, ती उंदरांनी जास्त कुरतडली! हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्याच पानावर होते.

ऑस्ट्रेलियातल्या काकाडूत गोष्ट उलटी आहे. तिथे लहान सस्तन प्राणी राष्ट्रीय उद्यानात असूनही झपाट्याने घटले. मोसमी पाऊस तिथेही पडतोच. पण वारंवारच्या वणव्यांनी आडोसा जातो आणि रानटी झालेली मांजरं ताज्या जळलेल्या जागी मुद्दाम शिकारीला येतात.

लायकिपियाचे आकडे दख्खनच्या माळावर लादू नका, हेही तुम्ही लिहिलंत. रास्त आहे, आणि मी ते लादलेले नाहीत. आपल्या काळ्या मातीच्या भेगांत राहणाऱ्या मऊ केसांच्या शेतउंदराचा हिशेब आपल्याच माळावर, गुरं आत आणि बाहेर ठेवून, वर्षानुवर्षं करावा लागेल.

मूळ लेखातलं वाक्य आज बदललं आहे. आता तिथे 'विविधता'ऐवजी 'एका जातीची संख्या' असं आहे.