नांदणीची हत्तीण आणि पोर्टलंडची वाळू

"काका, तुमच्याकडं हत्ती झूमध्ये कोंडत्यात आणि शहाणपण आम्हाला शिकवताय?" जयसिंगपूरच्या पुतण्याचा हा मेसेज, मला, इकडे अमेरिकेतल्या पोर्टलंडला.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणीच्या जैन मठातली हत्तीण महादेवी, आपली माधुरी, सर्वोच्च न्यायालयाच्या शिक्कामोर्तबानंतर जुलै 2025 मध्ये जामनगरच्या वनताराला, म्हणजे अंबानींच्या प्राणी केंद्रात, गेली. तेव्हापासून घरच्या ग्रुपवर हेच चालू आहे. लोक रडले, अंबानींवरच्या रागातून जिओची सिमकार्डं पोर्ट झाली, नांदणीहून कोल्हापूरपर्यंत मूक मोर्चा निघाला. त्या प्रेमाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण हत्तीण कुणाची यावर एवढं भांडण झालं. तिच्या पायाखाली काय होतं, हे कुणी विचारेना. याचा मला राग येतो.

पाळलेल्या हत्तीचा शेवट बऱ्याचदा पायांपासून सुरू होतो. सिमेंटवर उभं राहून तळवे फुटतात, नखं बिघडतात, सांधे धरतात. महादेवीबद्दल न्यायालयापुढे आलेल्या अहवालांतही पाय आणि नखंच होती. प्राणिसंग्रहालयांतले हत्ती हलवायचा आदेश आपल्याकडे 2009 मध्येच निघाला. मठ-मंदिरं त्यातून बाहेर राहिली.

पोर्टलंडच्या मतदारांनी 2008 मध्ये झूसाठी साडेबारा कोटी डॉलरचा बाँड, म्हणजे घरपट्टीतून फेडायचं कर्ज, मंजूर केला. त्यातून, सुमारे पावणेसहा कोटी डॉलर खर्चून, एलिफंट लँड्स हे हत्तींचं नवं आवार उभं राहिलं. डिसेंबर 2015 मध्ये ते उघडलं, तेव्हा दीडेक एकराचे सहा एकर झाले होते. आत चार फूट वाळू, डुंबायला सहा लाख लिटरचा तलाव. चारा दिवसभर वेगवेगळ्या जागी मिळतो, म्हणजे जनावर चालतं राहतं.

"मग पॅकीचं काय?" पुतण्यानं शोधून काढलंच. पॅकी हा हत्ती 1962 मध्ये इथल्या झूमध्येच जन्मला, पन्नासहून अधिक वर्षं जुन्या आवारात राहिला. नव्या जागेत जेमतेम वर्ष गेलं आणि फेब्रुवारी 2017 मध्ये क्षयामुळे त्याला दयामरण द्यावं लागलं. खरं आहे. पण ज्या गावाने त्याचे वाढदिवस केले, त्याच गावाने हत्तींसाठी स्वतःची घरपट्टी वाढवून घेतली. मला इथे मत नाही, पासपोर्ट अजून भारताचाच. तरी त्या वाळूत माझेही डॉलर आहेत.

"तुम्ही आता बाहेरचे," हे त्याचं वाक्य मात्र जिव्हारी लागलं. दहावीच्या परीक्षेआधी त्याच हत्तिणीनं माझ्या डोक्यावर सोंड ठेवली होती. बाहेरचा असतो, तर मोर्चाचे व्हिडिओ बघत रात्र कशाला जागवली असती? इथल्या झूमध्ये गेलो की मी नांदणीबद्दलच बोलत सुटतो, आणि पोरं कंटाळून पुढे निघून जातात.

गदारोळानंतर वनतारानेच नांदणी परिसरात हत्तींसाठी पुनर्वसन केंद्र उभारायचा प्रस्ताव ठेवला: तलाव, वाळू, मऊ जमीन, साखळीविना मोकळी जागा. भांडायचं तर यावर भांडा. वर्गणी मी आजच पाठवतो. फक्त एकर किती, वाळू किती खोल, आणि तिच्या सोबतीला दुसरी हत्तीण असणार का, एवढं मला कुणीतरी लिहून कळवा.