थंड पाण्यानं शिरा फुटत नाहीत

"पारा चाळीसच्या वर गेला की थंड पाणी पिऊ नका, शिरा फुटतात. उन्हातून आल्यावर अर्धा तास हातपाय धुवू नका, अंगावर पाणी घेऊ नका. खिशात कांदा ठेवा. हे सगळं इक्विनॉक्समुळं होतंय. डॉक्टरांचा सल्ला."

हा मेसेज दर एप्रिलला उगवतो. कुठला डॉक्टर, ते कधीच कळत नाही. यंदा तो तासगावकडच्या आत्यानं पाठवला आणि खाली लिहिलं, "बागेतल्या बायकांनाबी सांगितलंय." तिथं माझं डोकं फिरलं. द्राक्षांची खरड छाटणी चालू आहे. मांडवावर पान शिल्लक नाही, सावली असली तर तारांची. त्या उन्हात दिवसभर कात्री चालवणाऱ्या बायकांना सांगायचं की अंगावर पाणी घेऊ नका?

उष्माघातात शरीराच्या आतलं तापमान 40 अंशांच्या वर जातं. माणूस बरळतो, झोकांड्या खातो, शुद्ध हरपते. मेंदू, यकृत, मूत्रपिंडं अक्षरशः भाजून निघत असतात. ती किती बिघडणार हे शरीर किती वेळ तापलेलं राहिलं यावर ठरतं, म्हणून हा अर्धा तासच जीव घेतो. "घाम येतोय म्हणजे बरी आहे" हेही खरं नाही. काम करता करता उष्माघात झाला तर अंग घामानं भिजलेलं असू शकतं.

अमेरिकेत फाल्मथला दर ऑगस्टला रस्त्यावर धावण्याची शर्यत होते. तिथं 18 वर्षांत 274 जणांना उष्माघात झाला, आतलं तापमान सरासरी 41 अंशांच्या वर. सगळ्यांना थेट बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवलं. शिरा किती जणांच्या फुटल्या? एकाच्याही नाही. 274 च्या 274 वाचले. गार पाण्यानं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात. आकसणं म्हणजे फुटणं नव्हे.

पिण्याच्या पाण्याचं तर बोलायलाच नको. फ्रीजमधला एक ग्लास पोटात गेला तर अख्ख्या अंगाचं तापमान अंशाच्या दहाव्या भागाच्या आसपास उतरतं. त्यानं काय फुटणार?

बरं, एक गोष्ट मान्य करतो. बर्फगार पाणी घटाघटा ढोसलं तर कपाळात कळ येते, पोटात मुरडा येऊ शकतो. आणि तापल्या अंगानं गार विहिरीत उडी टाकली तर धाप लागून पाणी नाकातोंडात जाऊ शकतं. हृदयविकार असलेल्यानं ते करूच नये. पण म्हणून माठातलं पाणी बंद?

कांदा खिशात ठेवून काही होत नाही, भाकरीबरोबर खावा. इक्विनॉक्स, म्हणजे दिवस-रात्र सारखे असण्याचा दिवस, 20-21 मार्चलाच होऊन गेला, तेव्हा सूर्य विषुववृत्तावर असतो. सांगलीच्या डोक्यावर तो मेच्या सुरुवातीला येतो.

आत्याला फोनवर सांगितलं ते इथंही लिहितो. कुणी बरळायला लागली की सावलीत आडवी करा, फवारणीच्या टाकीतलं सोडून जे पाणी हाताशी असेल ते डोक्यापासून पायापर्यंत ओता, टॉवेल भिजवून वारा घाला आणि 108 लावा. गाडी येईपर्यंत पाणी ओतत राहा. क्रोसिननं हा ताप उतरत नाही. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ठसका लागून फुप्फुसात जातं. मेसेजमध्ये लिहायला हवं होतं ते हे.