बंदी घालूनही कॅरिबू गेलेच, मग बंदी कशाला?

नमस्कार. प्रतिक्रिया वाचली. अमेरिकेतली नॅशनल फॉरेस्ट (म्हणजे सरकारी जंगलं) सगळ्यांची, झाडं तोडली लाकूड कंपन्यांनी आणि भुर्दंड मात्र स्नोमोबाईलवाल्यांना (स्नोमोबाईल म्हणजे बर्फावर रबरी पट्ट्यावर धावणारी गाडी), असं तुमचं म्हणणं. शिवाय या गाड्यांवर बंदी घालूनही अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या सेलकर्क पर्वतातले कॅरिबू (थंड प्रदेशातली मोठी हरणं) संपलेच, मग हा खटाटोप कशासाठी?

लाकूडतोडीचं शंभर टक्के मान्य. जुनं जंगल तुटलं, कोवळी झुडपं वाढली, ती खायला मूस (धिप्पाड जातीचं हरीण) आणि इतर हरणं आली, त्यांच्या मागोमाग लांडगे. पण पुढचा भाग तुम्ही गाळलात. हे कॅरिबू भर हिवाळ्यात उंचावर जातात. तिथल्या खोल बर्फात त्यांचे पसरट खूर फारसे रुतत नाहीत. त्याच बर्फावर उभं राहून ते झाडांवर लोंबणारं दगडफूल खातात (हो, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचंच भावंड). लांडगा भुसभुशीत बर्फात पोटापर्यंत रुततो, म्हणून तो खाली दरीत राहतो. तुमची स्नोमोबाईल एकदा वर जाऊन आली की तिच्या पट्ट्याखाली बर्फ दाबला जातो, रात्रीच्या थंडीत कडक होतो आणि लांडग्याला थेट वरपर्यंत आयता रस्ता मिळतो. संध्याकाळी तुम्ही मशीन ट्रेलरवर चढवून घरी जाता. रस्ता मात्र पुढचा मोठा बर्फ पडेपर्यंत तिथेच.

2006-07 च्या सुमारास न्यायालयाने या पर्वताच्या आयडाहो राज्यातल्या (म्हणजे अमेरिकेच्या) बाजूला स्नोमोबाईलवर निर्बंध घातले, तेव्हा कळप आधीच रोडावला होता. जानेवारी 2019 मध्ये उरलेली शेवटची मादी पकडून कॅनडात रेव्हलस्टोकजवळ कुंपणात नेली. माझ्या मते बंदी फार उशिरा आली.

'आधी सगळं खुलं ठेवा, नुकसान दिसलं तर बंद करा' हे तुमचं म्हणणं तर मुळीच पटत नाही. नुकसान दिसेपर्यंत काय होतं ते वर लिहिलंच आहे. अमेरिकेच्या वनखात्याच्या 2015 च्या नियमानुसार, जिथे पुरेसा बर्फ पडतो त्या जंगलांनी स्नोमोबाईलसाठी खुल्या जागा नकाशावर दाखवायच्या. नकाशात नाही ती जागा बंद, पाटी असो वा नसो. आणि हे पर्यावरणवाल्यांचं नवं खूळ म्हणाल, तर अशा वाहनांना जागा ठरवून द्या असा आदेश 1972 सालीच निघाला होता. काढणारे होते रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष निक्सन!

एका बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूचा. हद्द कडा, ओढा किंवा रस्ता धरून आखलेली असावी. सरसकट पांढऱ्या उतारावर मधूनच रेघ ओढली तर ती कुणाला कळणार? नकाशाच्या मसुद्यावर हरकती मागवतात, तिथे हेच लिहा. 'जंगल सगळ्यांचं' एवढ्यावर थांबू नका. कुठली खिंड, कुठलं पार्किंग, तिथे बर्फ कधी पडतो, सगळं नावानिशी कळवा.